नव्या पाटीवरचं ‘आत’

“मग सर, पलीकडे कुणी बसलंय की नाही, हे प्रोग्रामला कळायचं तरी कसं?”

केतकी पेंढारकरचा आवाज चढला होता. मुजावर सर शिकवणीच्या नव्या खोलीच्या दारावर पाटी ठोकत होते. त्यांनी तोंडात धरलेला खिळा काढला.

“तुझ्या प्रोग्रामला काय वाटतं?”

“त्याला वाटतं, कुणीतरी आहेच. सुरू झाल्या क्षणापासून. आणि खुर्ची असते रिकामी.”

तिचं दुखणं खरं होतं. गावच्या पाणीयोजनेचा जुना कॉम्प्युटर ऐन उन्हाळ्यात मेला. तसला आता मिळतो कुठे? केतकीनं भर बैठकीत ठणकावून सांगितलं, मी एम्युलेटर लिहिते. म्हणजे नवा कॉम्प्युटर जुन्याचं सोंग घेईल आणि पंपाच्या जुन्या प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही. आणि लिहिलाही पठ्ठीनं. जुन्या पडद्याच्या जागी तिनं आभासी टर्मिनल, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरमधला पडदा-कीबोर्ड, ठेवलं. त्याचं एक टोक एम्युलेटरच्या हातात, दुसरं पंपावरच्या इरगोंडाअण्णांसाठी.

घोडं पेंड खात होतं ते तिथेच. एम्युलेटर सुरू झाल्याशिवाय ते टर्मिनल जन्मालाच येत नव्हतं, मग अण्णा आधी जोडले जाणार कसे? आणि पंपाचा प्रोग्राम मोठा मानी. सुरू होताना एकदाच विचारायचा, ‘कोणती टाकी भरू?’ उत्तर आलं नाही की रुसून बसायचा. एम्युलेटर त्याला बेधडक सांगायचा, माणूस आहे, विचार. अण्णा जोडले जाईपर्यंत प्रश्न वाऱ्यावर गेलेला असायचा.

टँकरपुढे घागरींची रांग लागली होती. पेंढारकरांच्या पोरीनं पाण्याचा खेळखंडोबा केला, असं चौकात चाललं होतं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

“माणूस आहे हे तू कशावरून ठरवतेस?” सरांनी विचारलं.

“पलीकडचा माणूस गेला की सिस्टीम खूण वर करते. खूण वर असली, तर कुणी नाही. नसली, तर कुणी आहे. माझं काही चुकलेलं नाही सर. सिस्टीमच खोटं बोलते.”

“हं…”

सर स्टुलावरून उतरले. पाटी कोरी होती, नाव अजून रंगवायचं होतं. खाली तेवढी ‘आत’ आणि ‘बाहेर’ दाखवणारी सरकती पट्टी होती, डॉक्टरांच्या दारावर असते तशी.

“वाच.”

“आत.”

“कोण आहे आत?”

“कुणी नाही. खोलीला कालच तर रंग लागलाय.”

“मग पेंटर खोटं बोलला?”

“तो कशाला खोटं बोलेल? पट्टी ‘बाहेर’वर सरकवायला आधी कुणी आत जाऊन बाहेर तर…”

ती थांबली.

सरांनी दार उघडलं. आत गेले. नुसते उभे राहिले. मग बाहेर आले, दार लावलं आणि पट्टी सरकवली. बाहेर.

मग तिच्याकडे पाहिलं.

केतकी बघतच राहिली. दुसऱ्या क्षणी ती अंगणाबाहेर होती. चपला तिथेच राहिल्या.

पंपघरात तिनं एम्युलेटरला एवढंच नवं शिकवलं: सुरू झालास की आधी पलीकडचं टोक आपणच उघड आणि लगेच बंद कर.

सुरू केला. टोक उघडलं, मिटलं… आणि खूण वर गेली. एम्युलेटरनं पंपाच्या प्रोग्रामला थांबवून धरलं. आज पहिल्यांदा त्याला ठाऊक होतं की खुर्ची रिकामी आहे.

इरगोंडाअण्णा तोंड पुसत आले, बसले, जोडले गेले. खूण खाली आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. कोणती टाकी भरू?

“वरची भर की बाबा,” म्हणत अण्णांनी बटणं दाबली.

पंप धडधडला. वरच्या आळीत नळांनी आधी हवा ओकली, मग गढूळ पाणी, मग चांगलं. बायका घागरी सोडून नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. केतकीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

संध्याकाळी ती सरांकडे आली ती अनवाणी आणि भिजलेली.

“पाणी आलं, सर.”

“कळलं. चौकात काय म्हणतात?”

“म्हणतात, इरगोंडाअण्णांच्या हाताला गुण आहे. ते बसले आणि पंप सुरू झाला. त्यांना हार घातला.” ती हसली. अगदी मोकळं हसली.

“त्यांच्या आधी तिथे कुणी जाऊन आलं होतं, हे नाही सांगितलंस?”

“नाही…”

सरांनी रंगाचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि ब्रश तिच्या हातात दिला. कोरी पाटी समोरच होती.

“नाव कुणाचं घालू, सर?”

“पंपघरातलं दार उघडून, लावून कोण आलं?”