पंधरावी कामटी

“...म्हणजे गणित बुडालंच म्हणायचं का, मास्तर?”

वडतिले मास्तर बांबू सोलत होते. शाळेत जन्मभर गणित शिकवून ते वाईच्या बुरूड आळीत वडिलांच्या जागेवर टोपल्या विणायला बसले. त्यांच्या टोपलीतून पाणीसुद्धा विचारल्याशिवाय गळत नाही, असं आळी शपथेवर सांगते.

समोर त्यांचा लाडका विद्यार्थी अच्युत, विद्यापीठातल्या उपयोजित गणित विभागाचा प्रमुख. हा विभाग मोडायचा आणि त्यातली माणसं बाकीच्या चौदा विभागांत वाटून टाकायची, अशा कागदावर उद्या त्याची सही हवी होती.

“एक जण जाणार हृदयाचे ठोके मोजायला, एक पुराचं पाणी, एक टोळधाड. आमचं नाव कुठे राहणार?”

“टोपली वीण,” मास्तर म्हणाले.

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त काढू?”

अच्युतने बांबूच्या मोजून चौदा उभ्या कामट्या गोलात लावल्या. चौदा विभाग. अंतर असं नेमकं, की सूतभर फरक नाही; डॉक्टरेट उगाच मिळते होय! मग आडवी पट्टी घेतली. एकीच्या आतून, पुढचीच्या बाहेरून.

पहिला फेरा देखणा झाला. दुसराही. सहाव्या फेऱ्याला मास्तरांनी टिचकी मारली आणि...

सगळं विणकाम सरकून त्यांच्या मांडीत पडलं.

अच्युत बघत राहिला. प्रत्येक फेऱ्यात पट्टी त्याच सात जणींच्या आतून गेली होती, त्याच सात जणींच्या बाहेरून.

“सम आकडा...” तो पुटपुटला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“नववीत मलाच सम-विषम शिकवायला निघाला होतास, लेका.”

मास्तरांनी मांडीखालून एक कामटी काढली, बाकीच्यांना जराजरा सरकवलं आणि मध्ये खोचली.

“हं. आता.”

अच्युत विणू लागला. पहिल्या फेऱ्यात जिच्या आतून पट्टी गेली, दुसऱ्या फेऱ्यात तिच्याच बाहेरून. आपोआप. कुणी न सांगता. एक जण आली काय, आणि चौदा जणी एकमेकींना धरून बसल्या काय!

त्याचे हात थांबले. ठोके, पूर, टोळ... सगळ्यांमधून तीच एक पट्टी सळसळत जाताना त्याला दिसली.

मग तो पुन्हा विणू लागला.

टोपली झाली. मास्तरांनी ती पालथी घातली आणि चपला काढून ते तिच्यावर उभे राहिले. करकरलीसुद्धा नाही.

अच्युतने ती उचलली. फिरवली. उलटी केली. पुन्हा फिरवली.

“मास्तर... तुमची कामटी यातली कुठली?”

“शोध. सापडली, तर सही करू नकोस.”