वैशाखातला टाकळा

“आता तुम्हीच सांगा बाबा, हा वैशाख की आषाढ?”

शिडवानं आल्या आल्या विचारलं. हातात काठी, अंगाला घाम.

जान्या भगत अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं मान काही वर केली नाही.

“वैशाख,” म्हणाला.

“झालं तर! आणि बाया निघाल्यात टोपल्या घेऊन, टाकळा खुडायला. वाटेतच अडवलं मी त्यांना. नवी भाजी आधी गावदेवीला, मग माणसाला. आणि देवीचा सण आषाढात. पाठ आहे मला सगळं.”

पाठ होतंच हो त्याचं. जान्यामागं पाड्याचा भगत शिडवाच होणार, हे कुत्र्यालाही ठाऊक होतं. शिडवाच्या तर चालण्यातच दिसायचं ते.

पण त्या साली पाऊस वैशाखातच पडून गेला. हल्ली त्याला वेळकाळ म्हणून राहिलेला नाही. रानात टाकळा वर आला, हिरवागार. आता टाकळा म्हणजे कसा, कोवळा आहे तोवर भाजी. जून झाला की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आणि घराघरांत डाळ संपलेली.

“बाया काय म्हणाल्या?”

“शिव्या दिल्या. बुधीआजी म्हणते, आषाढात देवीला काय लाकडं चावायला घालतोस का रे मेल्या?”

जान्या इतका हसला, की वळलेली दोरी सुटली.

“शिडवा, पाऊस कोणाचा?”

“देवीचा.”

“तिला विचारलंस, लवकर का धाडलास म्हणून?”



जान्या उठला. शिडवाच्या हातातली काठी घेतली, गुडघ्यावर धरून कडकन मोडली. खुंटीवरचा ढोल काढून त्याच्या गळ्यात अडकवला. काठीचे दोन तुकडे दोन हातांत दिले.

“वाजव. सण आज.”

“आज? लोक हसतील बाबा! म्हणतील, याला महिनेसुद्धा कळत नाहीत, आणि हा भगत होणार!”

“हसू देत. रडत कोणी सण करतं का?”

आधी हळूच वाजवला त्यानं, चोरासारखा. मग बाया आल्या, खिदळतच आल्या. बुधीआजीनं त्याच्यापुढं गिरकी घेतली, तसा त्याचाही हात सुटला. रानातून टोपल्या भरून आल्या, पहिली मूठ देवीपुढं पडली. मग चूल पेटली, कांदा-मिरचीवर टाकळा पडला, पाडाभर वास सुटला.

सगळे जेवायला बसले. शिडवा पान पुढ्यात घेऊन तसाच.

“बाबा, आषाढात परत पाऊस आला, परत टाकळा उगवला, तर?”

“तर परत वाजव.”

“मग त्यातला खरा सण कुठला?”

जान्यानं त्याच्या पानाकडं बघितलं...

“गरम आहे तोवर खा.”