नऊचा दिवा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक शिंपीण राहत होती. गावच्या ओढ्यावर एक चाक फिरे, आणि त्या चाकाची वीज साऱ्या गावाला पुरे. शिंपीण दिवसभर शेतात राबे आणि दिवेलागणीनंतर शिवणाला बसे. त्या शिवणावरच तिची नि तिच्या लेकीची चूल पेटत होती.

गावाची एक रीत होती. दारातल्या दिव्यावर वॅटचा जो आकडा, तो त्या घराचा मान. साठचा दिवा म्हणजे साधं घर, शंभरचा म्हणजे मोठं. पाटलीणबाईंच्या दारात तर दोनशेचा लटके!

एका उन्हाळ्यात ओढा आटू लागला. चाक मंदावलं. दिवे निखाऱ्यासारखे लाल दिसू लागले, आणि विहिरीवरचा पंप टाकीत पाणी चढवेना.

पाटील म्हणाले, "वीज एकालाच पुरेल. बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दिवे बंद, पंप चालू."

दिवा नाही, तर शिंपिणीचं शिवणही बंद. पण ती रडत बसली नाही. बाजारात जाऊन तिनं दुकानदाराला विचारलं, "थोड्या विजेवर चालणारा दिवा आहे का हो, दादा?" त्यानं एलईडीचा दिवा दिला. त्यावर आकडा होता नऊ.

गावात हशा पिकला. "नऊचा? अगं, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पंचवीसचा आहे!"

त्याच संध्याकाळी शिंपीण तो दिवा घेऊन थेट पाटलीणबाईंच्या दारात गेली. "काकी, तुमच्या दिव्याखाली एवढी सुई ओवा बरं."

पाटलीणबाईंनी दोरा ओला केला, डोळे बारीक केले. दोरा काही ओवला जाईना. शिंपिणीनं दिवा काढायला हात वर केला, तशा त्या ओरडल्या, "अगं, भाजशील!"

"तेच म्हणते, काकी. आपली वीज उजेडापेक्षा तापण्यातच जास्त जाते."

पदरानं धरून तिनं तो दिवा उतरवला आणि नऊचा लावला. पांढरा लख्ख उजेड पडला. सुई पहिल्याच फटक्यात ओवली गेली.

"पण दाराचा मान गं?" पाटलीणबाई पुटपुटल्या.

"हंडे कोरडे पडलेल्या दाराला कसला मान, काकी?"

पाटलीणबाईंनी दोनशेचा दिवा पुन्हा लावला नाही. मग शिंपीण घरोघर फिरली. काहींनी दार लोटून घेतलं, तिथं ती पुन्हा गेली. शेवटी पाटलांनी बैलगाडी जुंपून बाजारातून साऱ्या गावासाठी दिवे आणले.

संध्याकाळी घरोघरी नवे दिवे लागले. पाटलांनी पंपाचा खटका ओढला. सगळे श्वास रोखून दिव्यांकडे बघत राहिले. एकही दिवा मंदावला नाही, आणि टाकीत पाणी धो धो पडू लागलं.

"आता मोठं घर कुठलं, ते ओळखायचं कसं?" कुणीतरी विचारलं.

"आधी हंडे भरा, मग ओळखत बसा!" पाटलीणबाई म्हणाल्या.

शिंपीण मात्र केव्हाच घरी जाऊन शिवणाला बसली होती.

तात्पर्य: दिव्याची थोरवी तो किती वीज खातो यात नाही, तेवढ्या विजेत किती उजेड देतो यात आहे. आपण वाचवलेली वीज दुसऱ्याच्या घरी पाणी होऊन पोहोचते.