अर्धी मिशी

ठकूबाई माळणीचा गावविहिरीच्या पाण्यात अर्धा वाटा होता. मरताना मावशीने आपला एक तृतीयांश वाटाही तिलाच दिला. उरलेलं पाणी जहागीरदारांचं.

पण जहागीरदार भर चावडीत म्हणाले, "दोनातला एक नि तीनातला एक, मिळून पाचातले दोन वाटे तुझे. बाकी पाणी माझं."

"म्हणजे मावशीनं दिल्यामुळं माझं घटलं?" ठकूबाईने पदर खोचला. "सरकार, तुमची अर्धी मिशी डावीकडे, अर्धी उजवीकडे. तुमच्या हिशेबानं मिळून चारातले दोन, म्हणजे अर्धीच मिशी! जास्तीची न्हाव्याकडून उतरवू का?"

चावडी हसली. जहागीरदारांचा हात मिशीवर गेला.

"पाण्याचे सहा भाग करा," ठकूबाई म्हणाली. "तीन माझे, दोन मावशीचे. पाच मी नेणार, सहावा तुमचा."

मिशीवरचा हात न काढताच जहागीरदार म्हणाले, "ने."