मुकं सुकाणू

एका खाडीवर एकदा एक नाखवा होता. नाव धाकू. अलीकडच्या गावाची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे, हे काम त्यानं पंचेचाळीस वर्षं केलं. एवढ्या काळात माणूस सोडा, त्याच्या होडीतून एक कोंबडीसुद्धा पाण्यात पडली नाही. गोष्टीतला ज्ञानी म्हातारा म्हटला की तो शांत, मितभाषी असणार, असा आपला समज असतो. हा तसा बिलकूल नव्हता. तोंडाळ होता, तापट होता, आणि चुकलेल्याला सगळ्यांदेखत झापायचा. ज्ञानी मात्र खरोखर होता.

होडीची रीत अशी होती. पुढच्या टोकावर, ज्याला नाळ म्हणतात तिथं, नाखवा उभा. मागं सुकाणूवर त्याचा शिष्य भिवा. मधे माणसं, गोणी, शेळ्या आणि वर शीड, त्यामुळे मागच्याला पुढचं पाणी दिसायचं नाही. नाखव्यानं ओरडून सांगायचं, ‘उजवी घे’, ‘डावी घे’, आणि भिवानं तेवढं करायचं. बारा वर्षं हे चाललं होतं. भिवा आता तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. पण नाळेवरून हाक आली की विचार करण्याआधी त्याचे हात वळत.

त्या खाडीत भिण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. पलीकडे जाताना उजव्या अंगाला एक खडक होता. ओहोटीला त्याची पाठ तेवढी वर दिसे, म्हणून त्याला रेडा म्हणत; काठावरच्या देवळाची दीपमाळ चिंचेच्या आड गेली की तो जवळ आला असं समजायचं. तो पिढ्यान्‌पिढ्या जागचा हललेला नव्हता. दुसरा वाळूचा दांडा. तो मात्र दर पावसाळ्यात जागा बदलायचा. दिवाळी झाली की नाखवा आणि भिवा बांबू टोचत टोचत खाडीभर फिरत आणि दांडा यंदा कुठं बसलाय ते पाहून ठेवत. त्या वर्षी तो डावीकडे बसला. जायची वाट राहिली ती उजवीकडून, दांडा आणि रेडा यांच्या मधून.

हे पाहून आठ दिवस झाले असतील. होडी भरलेली होती. नाळेवरून नाखव्याचा खणखणीत आवाज आला, “डावी घे!”

भिवा चरकला. डावीकडे तर दांडा! ती वाट दहा वर्षांपूर्वीची. त्यानं काठावरची झाडं पाहिली, अंदाज घेतला, आणि एक अक्षर न बोलता सुकाणू उजवीकडे नेलं. होडी सुखरूप पार झाली. नाखवा पाण्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तसंच. चार दिवसांनी पुन्हा तेच. शिवाय एका फेरीत नाखवा तीनदा विचारू लागला, “तुझ्या सासऱ्याचा पाय कसा आहे रे?” भिवा तीनदा सांगे, “बरा आहे, नाखवा.” गावाला यातलं काही कळलं नाही. कळणार कसं? पस्तीस वर्षांपूर्वीच्या वादळात कुणाची होडी कुठं लागली, तिच्यात कोण कोण होतं, हे म्हातारा बापांच्या नावांसकट सांगायचा. लोक म्हणत, “काय स्मरण आहे हो!” इथंच माणसं फसतात. वार्धक्यात मेंदू शिणू लागला की पुष्कळदा जुनं शाबूत राहतं आणि कालचं निसटतं. ऐकणाऱ्याला जुनं ऐकू येतं, निसटलेलं दिसत नाही.

दिसत होतं ते एकट्या भिवाला. त्याची झोप उडाली, जेवण जाईना. त्यात पंधरवड्यावर पलीकडच्या गावी लग्न आलं. चाळीसेक वऱ्हाडी, त्यांत पोरंबाळं, आणि जायचं तिसऱ्या प्रहरी, अर्ध्या ओहोटीला, म्हणजे रेडा पाण्याखाली जेमतेम झाकलेला असतो तेव्हा.

“अहो, सांगून टाका ना त्यांना,” त्याची बायको यसू म्हणाली. “काय खातायत का तुम्हाला?”

“काय सांगू? नाखवा, तुमचं डोकं चालत नाही, असं सांगू? ज्यानं मला होडीत उभं राहायला शिकवलं त्याला? जीभ झडेल माझी.”

“आणि एखाद्या दिवशी तुमचाच अंदाज चुकला तर?”

भिवा उठून बाहेर गेला.

लग्नाला दोन दिवस उरले असताना नाखव्यानं त्याला सकाळी बोलावलं. “चल, मोकळी होडी काढ.” पूर्ण भरती होती. वाऱ्यावर शीड फुगलं. होडी मध्यावर आली आणि नाळेवरून हाक आली, “उजवी घे!” भिवानं घेतली. “अजून उजवी!” तीही घेतली. “अजून! सरळ जाऊ दे!”

समोर रेडा होता. दांडा विसरले ते एक वेळ समजू, पण रेडा? जो या माणसानं जन्मभर पाहिला तो रेडा? आता संपलं सगळं, असं त्याच्या मनात आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि हातांनी सुकाणू गुपचूप डावीकडे वळवलं.

“शीड उतरव! नांगर टाक!” नाखवा गरजला.

भर खाडीत होडी थांबली. म्हातारा बाकं ओलांडत मागं आला आणि भिवासमोर बसला.

“मी काय सांगितलं?”

“उजवी, नाखवा.”

“तू काय केलंस?”

भिवानं सुकाणूवरचा हात काढून घेतला.

“अरे, रेड्यावर आत्ता पुरुषभर पाणी आहे. मोकळी होडी त्याच्यावरून शंभरदा जाईल. मला ठाऊक आहे ते. मी मुद्दाम सांगितलं, जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. बघायचं होतं, तू बोलतोस का. नाही बोललास. आता खरं सांग, याआधी असं किती वेळा केलंस?”

“लई वेळा,” भिवा कसाबसा म्हणाला. “दिवाळीपासून.”

यावर नाखवा बोलला, पण चढ्या आवाजात नाही.

“मी डावी म्हणायचो आणि होडी उजवीकडे जायची. मला वाटायचं, मी उजवी म्हणालो असेन. मग वाटायचं, नाही, डावीच म्हणालो होतो. मग ही होडी कुणाच्या सांगण्यावरून चालली आहे? कुणी काही बोलत नाही, माणसं नमस्कार करून उतरतायत. घरी जाऊन मी भिंतीकडे बघत बसायचो, भिवा. भीती वाटायची. आपल्याला काहीतरी होतंय हे कळत होतं, पण कुठं आणि किती, ते कळायला मार्ग नव्हता. ज्या डोक्यानं शोधायचं तेच डोकं बिघडत चाललं असेल तर माणसानं शोधायचं कशानं? दुसऱ्याच्या तोंडूनच ना? ते तोंड तू बंद ठेवलंस. मान राखलास माझा! अरे, तुझ्या त्या मानापायी मी आंधळ्यासारखा चाचपडत होतो.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“वाटेल की! आत्ताही वाटतंय. मेलो नाही ना त्यानं?” म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. “पाणी बघून ओरडणारा आणि ओरडणं ऐकून वळवणारा, अशी दोन माणसं होडीवर कशाला ठेवतात? एक चुकला तर दुसऱ्यानं ‘नाही’ म्हणावं म्हणून. सुकाणू मुकं असून चालत नाही. परवा नाळेवर तू उभा राहा. मी मागं बसतो. दांडा तुझ्या लक्षात आहे, रेडा माझ्या. माझे हात अजून बरोबर आहेत. आणि तेही चुकायला लागले तर सांग, मोठ्यानं सांग. सगळ्यांदेखत सांगितलंस तरी चालेल.”

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडी काठावर जमले. नाखवा सुकाणूकडे जायला निघाला तशी कुजबुज सुरू झाली. तो वळला आणि तापट आवाजात म्हणाला, “मला हल्ली नवं लक्षात राहत नाही. म्हणून आज पुढं भिवा. कुणाला चालत जायचं असेल तर खाडीला वळसा घालून सात कोस आहेत.” कुणी हललं नाही. नवऱ्याची आजी तेवढी पुटपुटली, “मलाही राहत नाही रे बाबा,” आणि सगळ्यांत आधी होडीत चढली.

भिवा नाळेवर उभा राहिला. अर्धं लक्ष पाण्यावर, अर्धं मागं. म्हातारा ऐकेल ना? मधेच विसरला तर? तो दर हाकेला मान वळवून बघे, आणि मागून दर वेळी आवाज येई, “उजवी! घेतली!” डावीकडे दांड्यावरचं पाणी पिवळट दिसू लागलं. भिवाला त्या दांड्याची अशी धास्ती बसली होती की तो ओरडला, “अजून उजवी!” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “अजून उजवी घ्या!”

“नाही!” मागून आरोळी आली. सगळी होडी दचकली. “नाही म्हणतो मी! दीपमाळ चिंचेच्या आड गेली! रेडा आलाय! डावीवर घेतोय!”

सुकाणू करकरलं, होडी कलली, बायका किंचाळल्या. भिवानं उजवीकडे वाकून पाहिलं. हातभर पाण्याखालून रेड्याची काळी पाठ सरकत मागं गेली. वल्ह्याइतकंही अंतर नव्हतं.

चाळीस माणसांसमोर गुरूनं त्याला खोटं पाडलं होतं. भिवाला वाटलं, आपल्याला लाज वाटायला हवी. पण लाजेचं नावही नव्हतं. आपण चुकलो तर कुणीतरी आहे, एवढंच वाटत होतं, आणि गेल्या कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं, हेच आपण या माणसाला दिवाळीपासून दिलं नाही. पुढच्या वाटेवर त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

वऱ्हाडी उतरले, वाजंत्री वाजू लागली. नाखवा काठावर बसून धोतराचा ओला सोगा पिळत होता. भिवा दोर बांधून त्याच्याजवळ आला. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे जरा हरवल्यासारखे झाले होते.

“भिवा, होडी छान आली रे. आज नाळेवर कोण होतं?”

‘तुम्हीच होतात, नाखवा’ हे शब्द भिवाच्या ओठांवर आले होते. आठवड्यापूर्वी तो तेच बोलला असता, आणि म्हातारा त्या वेळेपुरता सुखावलाही असता.

“मी होतो, नाखवा,” तो म्हणाला. “तुम्ही सुकाणूवर होतात. मी चुकलो, तुम्ही ‘नाही’ म्हणालात.”

म्हाताऱ्यानं भिवाचा हात धरला, चांगला घट्ट धरला.

“बरं केलंस सांगितलंस,” तो म्हणाला. “उद्या विचारीन, तेव्हा पुन्हा सांग.”