एकतीसनंतर एक

“...पण नियम चुकीचा होता, एवढं तरी मान्य कराल की नाही?”

साखळकर सरांनी हे विचारलं तेव्हा भवानगीर बाबा मठाच्या ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर गणिताचे. उभा जन्म इतरांच्या चुका काढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड काही सुटली नव्हती. बुवा-बाबांचं तर त्यांना वावडंच. कुमुदताई दर सोमवारी या मठात यायच्या तेव्हा सर बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. आज ते पहिल्यांदाच फाटकाच्या आत आले होते, आणि तेही एकटे. कुमुदताईंना जाऊन महिना होत आला होता.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले.

“हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर विषम तारखेला गाडी या बाजूला लावायची, सम तारखेला त्या बाजूला. तशी पाटीच आहे. कुमुद दसऱ्यापासून तिथं होती. मी रोज सकाळी तिला चहा पाजायचो आणि खाली जाऊन गाडी पलीकडे न्यायचो. कधी खाडा केला नाही.”

“मग?”

“मग एकतीस ऑक्टोबर झाला, आणि एक नोव्हेंबर आला.”

बाबांचा हात थांबला.

“दोन्ही विषम,” सर म्हणाले. “गाडी हलवायचीच नव्हती. मी हलवली. सवयीनं. आणि पोलिसानं माझ्यादेखत दंड ठोकला.”

“भांडलास?”

“भांडलो तर. काल ती बाजू होती, म्हणजे आज ही, असं मीच त्याला शिकवत उभा राहिलो. तो पुढच्या गाडीकडे निघून गेला. वर चढताना जिन्यात माझी मला चूक कळली. वर पोचलो, तर नर्सनं पडदा ओढून घेतला होता...”



सरांनी घसा खाकरला. “उद्या दंडाविरुद्ध तक्रार करायचा शेवटचा दिवस. मुलगी म्हणते, दंड भरून टाका आणि मोकळे व्हा. पण का भरू? एकतीस तारखेनंतर बाजू बदलू नका, असं पाटीवर लिहायला नको? मी फसलो, तिथं बाकीच्यांचं काय?”

“तक्रार मान्य झाली तर?”

“तर चूक नियमाची ठरेल.”

“आणि तुझी?”

“माझी नाही ठरणार.” हे सांगताना सरांचा वर्ग गाजवणारा आवाज अगदी खाली गेला.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, पायऱ्या उतरले, आणि सरांच्या चपला उचलून त्यांची तोंडं फाटकाकडे करून ठेवल्या.

“चूक नियमाची. मी सांगतो. तू सुटलास, मास्तर. जा घरी.”

महिनाभर सरांना नेमकं हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं, आणि काहीच झालं नाही. हलकं वाटलं नाही, रागही गेला नाही. चपलांकडे बघत ते नुसते बसून राहिले. त्यांना उठवेना.

“जा की.”

“ती म्हणाली होती...”

“काय?”

“मी किल्ली उचलली तेव्हा म्हणाली, अहो, आज राहू दे. बसा थोडं.” सरांनी चपलांवरची नजर काढली नाही. “मी म्हटलं, कुमुद, तारीख बदललीय. नियम म्हणजे नियम. आणि गेलो.”

अंगणातल्या चिमण्या ओसरीवर येऊन सुपातले तांदूळ टिपू लागल्या. बाबांनी त्यांना हाकललं नाही.

“बाबा, तिच्या लक्षात आलं असेल का हो? एकतीसनंतर एक... म्हणून म्हणाली असेल का, राहू दे? डोकं तल्लख होतं तिचं, शेवटपर्यंत. म्हणजे गाडीबद्दलच म्हणाली असेल. की...”

“की काय?”

सरांना ते वाक्य पुरं करता आलं नाही. गेला महिनाभर ते इथवर येऊनच तुटत होतं.

“मला काय ठाऊक,” बाबा म्हणाले.

“मग विचारू कुणाला?”

“आता कुणालाच नाही.”

सर रडले. आयुष्यात फारसं न रडलेल्या माणसाला ते नीट जमत नाही, तसं त्यांनाही जमलं नाही. बाबांनी पाठीवर हात ठेवला नाही, की पाणी दिलं नाही. बऱ्याच वेळानं सरांनी रुमालानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि ते चालू लागले. फाटकापाशी पोचून पुन्हा वळले.

“मग तक्रार करू, की नको?”

बाबा ओसरीवर सांडलेले तांदूळ गोळा करत होते.

“दंड भर, मास्तर,” ते म्हणाले. “पावती मागू नकोस.”