सगुणाचे तीन अंदाज

एका राज्यात विसरण्याचा शाप नांदत होता, आणि शाप आहे हेही निम्म्या राज्याला आठवत नसे. सेनापती घोड्यावर मांड ठोकी आणि घोड्यालाच विचारी, "आपण कुठे निघालो होतो?" घोडा बोलका होता, पण त्यालाही ठाऊक नसे. जासूद वेशीपर्यंत जाई, परत येई आणि म्हणे, "मी निघालो होतो की पोचलो होतो?"

हा शाप असा लागला. त्या राज्यात दर चैत्रात वसंताची मेजवानी होई, आणि मेजवानीत मान असे हिमफळांचा. द्राक्षे, कलिंगडाच्या फोडी, अननसाच्या चकत्या. आधी मद्यात मुरवलेल्या, मग गोठवलेल्या. दाताखाली कट् असा आवाज होई, जिभेवर बर्फ विरघळे, आणि बर्फाच्या मागून हळूच मद्याची ऊब येई. राजाच्या कोठीवर नागोजी नावाचा कोठीवाला होता. हिमफळे मात्र करी त्याची बायको सगुणा.

एका वर्षी मेजवानीला दोन दिवस उरले असता सगुणा तापाने गेली.

मुदपाकखान्याने तिच्यामागे हिमफळे केली. राजाचा मान म्हणून मद्य घातले ते सर्वांत उंची, पहिल्या धारेचे. फळे काही केल्या गोठेनात. त्या दिवशी मानाचे पाहुणे होते कुहक मांत्रिक. त्यांनी द्राक्ष दातांनी फोडले, तशी चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या डोळ्यात. मांत्रिक पाटावरून उठले.

"काय करायला निघालो, हे या राज्यात कोणाला आठवणार नाही," ते म्हणाले. "आणि आजपासून तिसऱ्या चैत्रात, मेजवानीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत खरं हिमफळ माझ्या जिभेवर आलं नाही, तर आपल्या माणसांची नावंही तुमच्याजवळ राहणार नाहीत."

असे बोलून ते धुरात गेले.

तेव्हापासून नागोजी रोज कोठीच्या दारात येऊन उभा राही. आपण काय न्यायला आलो, ते त्याला सुचत नसे. सगुणा नाही, एवढे आठवे. माणूस गेले होते. आता तिसरा चैत्र जवळ आला होता, आणि नावही जाणार होते.

कोठीत एक साळुंकी होती. तिला एकच वाक्य येई, तेही सगुणाच्या आवाजात: "अंदाजानं ओत, अंदाजानं मुरव, अंदाजानं गोठव." दुसरे काही येतच नसल्यामुळे तिच्याजवळ विसरायलाही काही नव्हते.

राजाने दरबार भरवला, साळुंकीला मध्ये ठेवले आणि विचारले, "अंदाज म्हणजे काय?"

पहिला पंडित म्हणाला, "ते भांडं असावं. परदेशी घडणीचं."

दुसरा म्हणाला, "ती मुळी आहे. उगाळून घालतात."

तिसरा म्हणाला, "अंदाज हा राक्षस आहे. तो तीन वेळा प्रसन्न व्हावा लागतो."

वाद दुपारपर्यंत चालला. मग कशावर वाद चालला आहे ते पंडित विसरले, आणि शांतता झाली.

राजा म्हणाला, "भांडं असो, मुळी असो, राक्षस असो. अंदाज तीन आहेत. नागोजी, घेऊन ये."

"महाराज, केवढे असतील? पोतं नेऊ की डबी?"

"दोन्ही ने."

नागोजीने पोते घेतले, डबी घेतली, साळुंकीला खांद्यावर बसवले. तो दर मैलाला थांबे, दिङ्मूढ होऊन चौफेर पाही. साळुंकी बोले, आणि तो पुढे चाले.

मोहवनात मोहमाय नावाची म्हातारी मोहफुलांच्या दारूची भट्टी लावून बसली होती. तिला तीन डोळे होते. तिसरा धुरात पाहण्यासाठी.

"मोहमाय, ओतण्याचा अंदाज पाहिजे."

"आणि पोतं कशाला आणलंस?"

"तो केवढा असतो, ठाऊक नाही."

म्हातारी इतकी हसली की भट्टी दोनदा विझली. मग तिने तीन वाट्या मांडल्या. "पहिली धार, दुसरी धार, तिसरी धार. हिमफळाला कुठली, ते सांग बघू."

नागोजीने पहिली वाटी ओठाला लावली. कान तापले. "हीच. राजाच्या घरी हीच शोभते."

"जळली तुझी शोभा! ही वाटी हिमनगाच्या पोटात पुरलीस तरी गोठायची नाही. जेवढी कडक, तेवढी गोठायला नाखूश. पहिली धार पाहुण्याच्या मानाची, फळाच्या कामाची नव्हे. तिसरी ने. ओतायची ती फळ बुडेल एवढीच, पोहेल एवढी नको. सगुणा तिसरीच न्यायची."

"सगुणा इथे यायची?"

"दर चैत्रात. ह्याच दगडावर बसायची. तुला ठाऊक नाही?"

"मला वाटायचं, ती पहिल्या धारेचीच घालते."

"कधी विचारलं होतंस?"

नागोजीने आठवून पाहिले. आपण विचारले होते आणि शापामुळे आठवत नाही, की विचारलेच नव्हते, हे त्याला कळेना. त्याने तिसऱ्या धारेचा बुधला उचलला आणि उठला.

"पोतं राहिलं तुझं," म्हातारी मागून ओरडली.

पुढे जुना उंबर लागला. त्याच्या ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते, एवढीशी फट तेवढी उघडी. बाहेर धनेश पक्षी चोचीत फळ धरून बसला होता. आत त्याची बायको अंड्यांवर होती.

"धनेशराव, मुरवण्याचा अंदाज हवा."

"मला वेळ नाही," धनेश म्हणाला. "घरचं माणूस आत, बाजारहाट सगळा माझ्या चोचीवर. असं कर, तूच तिला एक फळ दे. तिला पसंत पडलं तर बोलू."

नागोजीने पहिले उंबर तोडले आणि फटीशी धरले. आतून चोच आली, उंबर दाबले आणि फेकले. "दगड!" आतून आवाज आला. नागोजीने दुसरे खूप पिकलेले पाहून दिले. तेही बाहेर आले, ते त्याच्या नाकावर. "ह्याला जिवंत म्हणतात का?"

"तिसऱ्याच्या आधी बोटांनी दाबून बघ रे बाबा," धनेश कुजबुजला. "मीही याच रस्त्यानं शिकलोय."

नागोजीने झाडावरचीच उंबरे एकेक दाबून पाहिली. एक बोटाखाली दबले आणि सावकाश वर आले. त्याने ते दिले. चोच आली, उंबर आत गेले, आणि बाहेर परत आले नाही.

"झालं तुझं काम," धनेश म्हणाला. "फळ मद्यात घातलंस की मधूनमधून दाब. ताठ असलं तर थांब. दबून परत वर आलं तर काढ. दबलं ते दबलंच राहिलं, तर मात्र उशीर झाला; मग त्याला कोणीही वर आणू शकत नाही."

नागोजी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. धनेशाने आणखी दोन खेपा केल्या. प्रत्येक वेळी तो फटीतून काहीतरी बोलला आणि प्रत्येक वेळी आतून त्याला उत्तर मिळाले. शेवटी साळुंकीने तिसरा अंदाज उच्चारला, तेव्हा तो हिमपर्वताकडे वळला.

हिमपर्वताच्या गुहेत एक यक्ष शापित खजिना राखत बसला होता. बर्फाच्या भिंतींत सोने गाडलेले होते. त्याला जो हात लावी त्याचा बर्फ होई. असे चाळीसेक जण दाराशी उभे होते. तिथे थंडी अशी होती की साळुंकीची चोच मिटली ती उघडेना.

"का आलास?" यक्षाने विचारले.

नागोजीने इकडेतिकडे पाहिले. खांद्यावर एक पक्षी होता, तो गप्प होता. समोर सोने होते.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"सगळे सोन्यासाठीच येतात. तूही त्यासाठीच आला असशील. घे."

यक्ष म्हणतो त्या अर्थी तसेच असेल, असे नागोजीला वाटले. त्याने हात पुढे केला. सोन्यापासून वीतभर अंतरावर हाताचा वास त्याच्या नाकाशी आला. मोहाचा वास होता, आणि त्याखाली उंबराचा. सोने न्यायला निघालेला माणूस फळे कशाला दाबत बसेल? त्याने हात मागे घेतला.

"यक्षराज, मला वाटतं मी काहीतरी गार न्यायला आलोय."

यक्ष हजार वर्षांनी हसला. "बर्फ मागणारा तू दुसरा. पहिली एक बाई होती. तिनं मला शिकवलं आणि मी तिला बर्फ दिला. नुसत्या बर्फानं फळ गोठत नाही. बर्फात मीठ टाक. बर्फाला मिठाचा राग येतो, आणि रागानं तो अधिकच गार होतो. फळं आधी पुसून कोरडी कर, ताटात दूरदूर मांड, ताट त्या बर्फात पूर. एकमेकांना शिवू देऊ नकोस, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा होतो."

"मीठ किती?"

"अंदाजानं."

"अहो, पण तोच न्यायला मी निघालोय!" नागोजी ओरडला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलला होता.

"मग ओरडतोस कशाला?" यक्ष म्हणाला. "नेतोच आहेस की."

मेजवानीच्या दिवशी सकाळी नागोजी दरबारात उभा राहिला. एका हातात बुधला, दुसऱ्यात भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी. पंडितांनी त्याची डबी उघडून पाहिली. ती रिकामी होती.

"अंदाज कुठे आहेत?"

"आणलेत. पण ते भांड्यात राहत नाहीत."

पंडितांनी हे लिहून घेतले आणि ते का लिहिले हे विसरले.

कुहक मांत्रिक दुपारी आले. ते पाटावर बसले, इकडेतिकडे पाहू लागले, आणि राजाला म्हणाले, "मी का आलोय?"

मांत्रिकांचा शाप मांत्रिकांनाही लागला होता. त्यांना राग आठवत नव्हता, शाप आठवत नव्हता, तो मागे घ्यायचा मंत्र तर मुळीच आठवत नव्हता. आता सूर्य आणि फळ, एवढे दोघेच उरले.

कोठीत नागोजीने बाभळीच्या काट्याने द्राक्षे टोचली, फोडी टोचल्या, आणि तिसऱ्या धारेचे मद्य ओतले, बुडेल एवढे. मधूनमधून तो दाबून पाही. ताठ. ताठ. मग एक द्राक्ष दबले आणि वर आले. त्याने सगळे निथळले, पुसले, तांब्याच्या ताटात दूरदूर मांडले, ताट झाकून बर्फात पुरले, वर मीठ टाकले. मिठाची मूठ कुठे थांबली, ते त्याला कळले नाही. ती थांबली एवढे खरे.

सूर्य उतरू लागला, तशी नावे काठाकडून जाऊ लागली. आधी आत्यांच्या नवऱ्यांची गेली. त्याचे कोणाला फारसे वाटले नाही. मग शेजाऱ्यांची गेली. मग राजा राणीकडे वळून म्हणाला, "अहो... आपण..." आणि राणीने तोंडावर पदर धरला.

प्रधान कोठीत धावत आला. "कोठीवाले, ताट काढा!"

"अजून नाही."

"कशावरून?"

"सांगता येणार नाही."

नागोजी बर्फावर हात ठेवून उभा होता. लवकर काढले तर फळ मऊ, आणि उशीर केला तर सूर्य नाही. मनातल्या मनात तो नाव घोकत होता. सगुणा. सगुणा. सगु. मग तीही अक्षरे सुटू लागली, आणि उरला तो नुसता स. कोणाचा स, ते त्याला सांगता आले नसते. तरी तो थांबला. बोटे बधिर झाली, हाताखालचा बर्फ किंचित कुरकुरला, आणि कोणी न सांगता हात ताटाकडे गेला.

फळांवर पांढरी साय धरल्यासारखे हिम होते. एकही फळ दुसऱ्याला शिवले नव्हते.

मांत्रिकांनी द्राक्ष तोंडात घातले. कट् असा आवाज झाला. त्यांनी डोळे मिटले. बर्फ विरघळला असावा, ऊब आली असावी, कारण त्यांचे कान लाल झाले.

"आठवलं," ते म्हणाले. "मी हे खायला आलो होतो."

शाप तुटला. ज्याचे त्याचे राहिलेले काम ज्याला त्याला एकदम आठवले. सेनापती उठला आणि तीन वर्षे उघडा राहिलेला उत्तरेचा दरवाजा लावायला धावला. राणीला अर्धे राहिलेले भांडण आठवले आणि तिने ते राजाशी जागच्या जागी पुरे केले. राजा तिला नावाने हाका मारत ऐकत राहिला. फळांचे ताट सभेत फिरले, आणि कट् कट् असा आवाज पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

नागोजीला नाव परत मिळाले, अक्षर न अक्षर. त्याच्यापाठोपाठ आठवले ते दुसरे. शाप लागला त्या दिवशी तो नदीपलीकडच्या गावी निघाला होता. सगुणाच्या आईला सांगायला. तो निघाला होता आणि वेशीवरून परत फिरला होता.

"माग, काय हवं ते माग," राजा म्हणाला.

"रजा द्यावी महाराज. एक निरोप पोचवायचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तेव्हा तो नदी उतरून गेला. नदीपलीकडे शाप नव्हता. तिथे कोणी काही विसरले नव्हते. म्हातारी अंगणात चिंचा फोडत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"जावईबापू? तीन वर्षांनी वाट सापडली होय! माणूस पाठवला तर तोही तुमच्या वेशीत शिरला, तो परत नाही." मग तिने त्याच्या मागची वाट पाहिली. "एकटेच आलात?"

"एकटाच आलो, आई."

तिच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती म्हणाली, "आधी पाणी घ्या."

तो पाणी प्यायला. मग तिच्याजवळ भुईवर बसला आणि पहिल्या तापापासून सांगू लागला. मधे कुठे अडला नाही, काही विसरला नाही.

त्या राज्याची गेलेली नावे जशी आपापल्या माणसांकडे परत आली, तशी ती तुमच्याआमच्या ओठीही राहोत.